घेतलेलं रीळ परत ठेवायचं

नूतन बडगुजरला मी आठवीत गणित शिकवलं. त्यानंतर पंधरा वर्षं ती मला रस्त्यातच काय ती दिसायची. सुरतेत भेस्तानला आमच्या सोसायटीपासून तिचं घर दोन गल्ल्या पुढे. थांब्यावर भेटली की "बऱ्या आहात ना, बाई?" एवढं विचारायची आणि बसमध्ये चढायची. गेल्या वर्षी फेब्रुवारीत, एका रविवारी सकाळी, ती माझ्या दारात उभी राहिली आणि चपला काढता काढताच म्हणाली, "बाई, तुम्ही आम्हाला उपसंच शिकवले होते. आठवतंय?"

आठवत होतं. संच हा धडा आमच्या आठवीच्या पुस्तकात नव्हता. पण मी अकोल्याला शिकत होते तेव्हा तो होता, आणि मला फार आवडायचा. म्हणून परीक्षेनंतरच्या रिकाम्या आठवड्यात मी तो शिकवायचे. निम्मा वर्ग तोवर गावाला गेलेला असायचा. जी मुलं उरायची त्यांत नूतन असायची.

"आठवतंय की. का गं?"

"त्याच्यापायी माझी नोकरी गेली," ती म्हणाली. "म्हणजे, मिळणार होती ती मिळाली नाही."

मी तिला आत घेतलं.

तिचे वडील निंबा बडगुजर पारोळ्याकडचे. लग्नाआधीच सुरतेला आले आणि लूमच्या शेडमध्ये लागले. तीस वर्षं त्या खडखडाटात काढल्यामुळे त्यांना कमी ऐकू येतं आणि ते साधं बोलले तरी भांडल्यासारखं वाटतं. आई सरलाबाई घरी साड्यांना टिकल्या चिकटवायच्या. आमची मराठी शाळा आठवीपर्यंत. नववीला नूतन गुजराती शाळेत गेली आणि नापास झाली. तिला गणित येत होतं, पण प्रश्नात काय विचारलंय ते वाचता येत नव्हतं. दुसऱ्या वर्षी ती गुजराती शिकली आणि वर्गात चौथी आली. बारावीनंतर कतारगामला एका एम्ब्रॉयडरीच्या कारखान्यात तिला पंचिंगचं काम मिळालं. कागदावरचं फूल संगणकावर घ्यायचं आणि मशीनने कुठे किती टाके घालायचे, कोणता दोरा कधी बदलायचा, ते आखून द्यायचं, हे ते काम. ते करता करता तिने बाहेरून बीसीए केलं. दोऱ्यांची यादी रोज हाताने लिहावी लागायची, ती आपोआप निघावी म्हणून तिने स्वतःच एक छोटा प्रोग्राम लिहिला. तो चालला. तेव्हापासून तिच्या मनाने घेतलं होतं की आपण हेच काम करायचं.

वेसूला एका कंपनीत तिला मुलाखतीला बोलावलं होतं. ही कंपनी कापडाच्या गिरण्यांसाठी सॉफ्टवेअर बनवते. मुलाखत घेणाऱ्या बाईंचं नाव किंजलबेन. वयाने नूतनपेक्षा दोन-तीन वर्षांनीच मोठ्या असतील. त्यांनी संगणक पुढे सरकवला आणि सांगितलं, एक ॲरे आहे, त्याचे सगळे सबसेट काढून दाखव.

"ॲरे म्हणजे एका ओळीत मांडलेल्या वस्तू," नूतन मला म्हणाली. "आणि सबसेट म्हणजे आपले उपसंच. त्या वस्तूंमधून जेवढे म्हणून गट होतील तेवढे सगळे. एकही न घेतलेला गटसुद्धा."

"रिक्त संच."

"हो, तोच. बाई, मी चार मिनिटांत लिहिलं. एकही चूक नाही. असे दीडशे प्रश्न मी व्हिडिओ बघून पाठ केले होते. त्यातला हा एकविसावा."

किंजलबेननी कोड बघितला, चालवला, उत्तर बरोबर आलं. मग पडद्यावरच्या एका ओळीवर बोट ठेवून त्यांनी विचारलं, "ही ओळ इथे का आहे? काढून टाकली तर काय होईल?"

नूतनला सांगता येईना. ती ओळ तिथे असते, एवढंच तिला ठाऊक होतं. किंजलबेन म्हणाल्या, बरं, समज ॲरेमध्ये एकच आकडा दोनदा आलाय. तोच तोच सबसेट पुन्हा यायला नको. काय बदलशील? नूतनने दोन ओळी लिहिल्या, खोडल्या, पुन्हा लिहिल्या. वीस मिनिटं गेली. शेवटी किंजलबेन "थँक यू" म्हणाल्या. तीन दिवसांनी नकाराचा मेल आला.

"त्यांनी विचारलं असतं की तू पाठ केलंस का, तर मी हो म्हटलं असतं," नूतन म्हणाली. "पण त्यांनी विचारलं नाही आणि मी सांगितलं नाही. तेच टोचतंय."

मी चहा टाकला. मला संगणकातलं काही कळत नाही, फोनसुद्धा मी जेमतेम वापरते. पण प्रश्न माझ्या विषयातला होता. मी विचारलं, "तीन घटकांच्या संचाचे उपसंच किती?"

"आठ."

"कशावरून?"

"दोनचा तिसरा घात."

"ते सूत्र झालं. दोनच का? तीनचा घात का नाही?"

मला माझा वर्ग आठवला. मी फळ्यावर दोनचा एनवा घात असं लिहायचे, भोवती चौकट काढायचे आणि म्हणायचे, हे पाठ करून टाका. मुलं वहीत चौकट काढायची. का, ते मी कधीच सांगितलं नव्हतं. मलाही कोणी सांगितलं नव्हतं आणि मीही विचारलं नव्हतं. एकतीस वर्षं मी शिकवलं. पंधरा वर्षांपूर्वीची माझीच विद्यार्थिनी समोर बसली होती आणि तिचं जिथे अडलं होतं, तिथेच माझंही अडत होतं, हे कबूल करायला मला चहा ओतून होईपर्यंतचा वेळ लागला.

"पुढच्या रविवारी ये," मी म्हणाले. "येताना तुझ्या कारखान्यातली दोऱ्याची तीन रिळं आण. वेगवेगळ्या रंगांची."

तो आठवडा मी वही घेऊन बसले. मंगळवारी दुपारी भाजी निवडताना ते मला दिसलं, आणि दिसल्यावर इतकं सोपं निघालं की स्वतःचाच राग आला.

रविवारी नूतनने लाल, हिरवं आणि जरीचं अशी तीन रिळं आणली. मी ती ओळीने मांडली आणि शेजारी भाजीची टोपली ठेवली.

"प्रत्येक रिळासमोर थांबायचं," मी तिला सांगितलं, "आणि एकच प्रश्न विचारायचा. हे टोपलीत घेऊ की नको? उत्तरं दोनच, म्हणून दोनचा घात. लालचे दोन, त्या प्रत्येकावर हिरव्याचे दोन, त्यावर जरीचे दोन. झाले आठ. आता तू हाताने करून दाखव. ओळीच्या शेवटाला पोचलीस की टोपलीत काय आहे ते या कागदावर लिहायचं. मग एक पाऊल मागे यायचं आणि दुसरं उत्तर द्यायचं."

तिने लाल घेतलं, हिरवं घेतलं, जरी घेतली. कागदावर लिहिलं. मग मागे आली. आता जरीला 'नको' म्हणायचं होतं. तिने 'नको' म्हटलं आणि थेट कागदाकडे हात नेला.

"टोपलीत काय आहे?" मी विचारलं.

टोपलीत जरी तशीच होती. मघाशी घेतलेली.

नूतनने जरीचं रीळ उचलून पुन्हा ओळीत ठेवलं आणि म्हणाली, "ती ओळ ही आहे, बाई. किंजलबेननी बोट ठेवलेली. घेतलेलं परत काढायचं. नाही काढलं तर पुढच्या प्रत्येक गटात ते राहणार."

आठही गट तिने हाताने काढले. मग पुन्हा, हिरव्यापासून सुरुवात करून. दुपारचे बारा वाजले तरी ती उठेना. शेवटी सरलाबाईंचा फोन आला, जेवायला येतेस की नाही.

तिसऱ्या रविवारी एकच आकडा दोनदा येण्याचा प्रश्न घेतला. तिने आणखी एक लाल रीळ आणलं होतं. आता ओळीत दोन लाल, एक हिरवं, एक जरी. हाताने काढले तेव्हा सोळा गट झाले, पण त्यातले चार दुसऱ्यांदा आलेले. पहिलं लाल घेतलं आणि दुसरं सोडलं काय, पहिलं सोडलं आणि दुसरं घेतलं काय, कागदावर 'एक लाल' एवढंच उमटायचं. ते कसं टाळावं यावर आम्ही तासभर डोकं लढवलं. मी सांगत होते ते तिला पटत नव्हतं, ती सांगत होती ते मला.

तेवढ्यात निंबाभाऊ आले. लेक रविवारी सकाळी जाते कुठे ते बघायलाच आले असावेत. जमिनीवर रिळं, टोपली, कागद आणि आम्ही दोघी.

"काय खेयी ऱ्हायनात तुम्ही दोन्ही?" त्यांनी त्यांच्या त्या मोठ्या आवाजात विचारलं.

खेळ नव्हे, म्हणत नूतनने जमेल तेवढं सांगितलं. ही दोन लाल एकसारखीच आहेत, म्हणून घोळ होतोय. निंबाभाऊंनी खाली बसून दोन्ही रिळं उचलली, गॅलरीतल्या उजेडात धरली, दोरा नखाने थोडा ओढून बघितला.

"या येक नही शेतस," ते म्हणाले. "लॉट येगळा शे. हाऊ जरा काया शे."

नीट बघितलं तर खरंच एक लाल किंचित काळपट होतं. आतल्या पुठ्ठ्यावरचा लॉटचा, म्हणजे रंगवलेल्या खेपेचा, नंबरही वेगळा निघाला. मला हसू आलं. नूतन मात्र हसली नाही. "बाबा, समजा एकाच लॉटची असती तर? मग काय केलं असतं?"

"मंग काय? येकाच लॉटना सगळा माल येके जागे ठेवाना. घेवाना तं त्यातला पहिला घे. पहिलाच नको व्हई तं मागला कसाले उचलाना?"

एकाच लॉटचा माल एके जागी ठेवायचा. घ्यायचं तर त्यातलं पहिलं घ्यायचं. पहिलंच नको असेल तर मागचं कशाला उचलायचं? निंबाभाऊंनी हे सहज सांगितलं आणि प्यायला पाणी मागितलं. मी पाणी आणायला उठले. परत आले तर नूतन कागदावर भराभर लिहीत होती. आधी सारख्या वस्तू शेजारी शेजारी आणायच्या. पहिल्या लालला 'नको' म्हटलं की त्याच्या मागच्या सगळ्या लालना ओलांडून पुढे जायचं. तिने या नियमाने पुन्हा हाताने गट काढले. बारा झाले. एकही दुसऱ्यांदा नाही.

त्याच आठवड्यात तिने किंजलबेनना मेल लिहिला. पाठवण्याआधी मला वाचून दाखवला. इंग्रजी मोडकंतोडकं होतं, पण अर्थ स्वच्छ होता. 'त्या दिवशी मी लिहिलेलं उत्तर पाठ केलेलं होतं. तुम्ही विचारलेले दोन प्रश्न मला आले नाहीत. आता येतात. सोबत स्पष्टीकरण जोडलं आहे. जागा भरली गेली असेल तरी हे वाचावं ही विनंती.' मी म्हटलं, "पाठ केलं होतं हे लिहायलाच हवं का?" ती म्हणाली, "त्यासाठीच तर लिहिते आहे."

नवव्या दिवशी उत्तर आलं. एक जागा अजून आहे, बुधवारी अकराला या.

बुधवारी मी घरीच होते, पण काही सुचत नव्हतं. तिथे काय झालं ते तिने संध्याकाळी येऊन सांगितलं. खोलीत या वेळी किंजलबेनबरोबर एक वयस्कर गृहस्थही होते. ते काही बोलत नव्हते, नुसते बघत होते. किंजलबेन म्हणाल्या, "तोच प्रश्न. पण व्हिडिओत असतो तसा नको, तुला समजलाय तसा लिही."

नूतनने लिहिला. पाठ केलेल्या पद्धतीने नाही, टोपलीच्या पद्धतीने. घेऊ, नको, परत ठेवू. एक, दोन, तीन असे आकडे घालून चालवला. पडद्यावर आठ गट आले. आठही रिकामे.

"बाई, मी पुन्हा मोजले," ती सांगत होती. "आठ रिकामे कंस, एकाखाली एक. ते दुसरे गृहस्थ खुर्चीत जरा पुढे सरकले. मला वाटलं, उठावं आणि जावं."

ती उठली नाही. तिने एक कोरा कागद मागितला. त्यावर टोपली काढली आणि एकेक पाऊल बोटाने चालत गेली. आठ म्हणजे मोजणी बरोबर. फिरणं बरोबर. परत ठेवणंही बरोबर. मग रिकामे का? आणि तिला दिसलं की तिने कागदावर लिहून घेण्याऐवजी दर वेळी टोपलीच देऊन टाकली होती. आठ वेळा तीच एक टोपली. शेवटी सगळी रिळं परत ओळीत गेल्यावर ती टोपली रिकामी, म्हणून आठही ठिकाणी रिकामी.

तिने हे हिंदीत समजावून सांगितलं, एका ठिकाणी दुरुस्ती केली, गटाची नक्कल ठेवायला लावली. पुन्हा चालवलं. आठ गट नीट आले. त्यानंतर दोन सारख्या आकड्यांचाही प्रश्न तिने सोडवला, आणि आधी सारखे आकडे शेजारी का आणायचे तेही सांगितलं.

मग ते वयस्कर गृहस्थ पहिल्यांदा बोलले. "तीनऐवजी चाळीस वस्तू असतील तर हा प्रोग्राम किती वेळ घेईल?"

"संपणार नाही, सर," नूतन म्हणाली. "एक लाख कोटींच्या वर गट होतील. पण मी आधी विचारीन की सगळे कशाला हवेत?"

"म्हणजे?"

"आमच्या शेठनी एकदा सांगितलं होतं, या डिझाइनमध्ये बारा दोरे आहेत, कोणते ठेवायचे आणि कोणते गाळायचे त्याचे सगळे प्रकार काढून दाखव. मी काढले. चार हजार शहाण्णव झाले. पन्नास बघून शेठ जेवायला गेले. व्यापाऱ्याला दाखवायला त्यांना सहाच हवे होते. कोणते सहा, ते आधी विचारलं असतं तर माझा दिवस वाचला असता."

ते गृहस्थ हसले. तेच कंपनीचे मालक, हे तिला बाहेर आल्यावर कळलं.

तिला घेतलं. पण घेतल्या घेतल्या कोड लिहायला बसवलं नाही. सुरुवातीला तिला फोनवर बसवलं. गिरण्यांमधून फोन यायचे, हे चालत नाही, ते छापत नाही, आणि नूतनला गुजराती, हिंदी, मराठी तिन्ही येत होत्या. शिवाय समोरचा गिरणीतल्या शब्दांत काय बोलतो आहे ते ऑफिसातल्या इतरांना कळायचं नाही, तिला कळायचं. ती तीन महिने ते काम करत राहिली. चौथ्या महिन्यात किंजलबेनकडे गेली आणि म्हणाली, "मला कोड लिहायला घेतलं होतं." किंजलबेन म्हणाल्या, "तू फोनवर फार चांगली आहेस." नूतन म्हणाली, "ते मला माहीत आहे." हे तिने मला सांगितलं तेव्हा मी घाबरले. सरलाबाई तर माझ्याकडे येऊन म्हणाल्या, "बाई, तिले तुम्ही सांगा, बरी नोकरी शे, कसाले बोलानं?" मी काही सांगितलं नाही. नूतनला अर्धा दिवस फोन आणि अर्धा दिवस कोड असं काम मिळालं, आणि दिवाळीनंतर पूर्ण कोड.

मुलाखतीतला तो प्रश्न नोकरीत तिला अजून एकदाही लागलेला नाही. मी तिला विचारलं होतं. ती म्हणाली, "तसाच्या तसा नाही. पण कुठे अडलं की मी कागद घेऊन एकेक पाऊल चालते. ते रोज लागतं." मी आता निवृत्त आहे. तरी सोसायटीतल्या दोन मुली माझ्याकडे गणिताला येतात, आणि मी त्यांना चौकटीतलं सूत्र शेवटी देते. एकीच्या आईने तक्रार केली की बाई फार वेळ लावतात.

गेल्या महिन्यात नूतनने लिहिलेला पहिला मोठा प्रोग्राम इच्छापोरच्या एका प्रोसेसिंग गिरणीत, म्हणजे कापड रंगवतात तिथे, बसवला. कापडाच्या कोणत्या ताग्याला कोणता रंग आणि तो कोणत्या पाळीत, याच्या चिठ्ठ्या छापण्याचं काम. पहिल्याच सकाळी चिठ्ठ्या उलटसुलट निघाल्या. नूतन बस बदलत बदलत तिथे पोचली. रंगाच्या वाफेत, ओल्या जमिनीवर, प्लॅस्टिकच्या स्टुलावर बसून तिने चूक शोधली. चूक तिचीच होती. रात्रपाळी चालू असतानाच तारीख बदलते हे तिने धरलं नव्हतं. गिरणीचे सुपरवायझर योगराज पाटील, पन्नाशीचे, धुळ्याकडचे, सगळा वेळ कमरेवर हात ठेवून मागे उभे होते. दुपारी दोनला चिठ्ठ्या नीट निघायला लागल्या. योगराजभाऊंनी दहा-बारा चिठ्ठ्या हातात घेऊन ताग्यांशी ताडून बघितल्या.

"पोरी, पुन्हा असं झालं तर फोन कोणाला करायचा?" त्यांनी विचारलं. "तुमच्या हापिसात उचलत नाहीत लवकर."

नूतनने त्यांच्याकडून पेन घेतलं आणि मशीनच्या पत्र्यावर स्वतःचं नाव आणि नंबर लिहिला.